कायदा सल्ला : सही करण्याची घाई करू नका

प्रश्न : फागण्याजवळ कारने धडक दिल्याने शेतकरी वडिलांच्या मांडीचे हाड मोडले. कारमालक वीस हजार रुपये देऊन 'तक्रार नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून मागत आहे. काय करावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : सही करू नका, शस्त्रक्रियेचा खर्च नि बुडालेला हंगाम पाहता ही रक्कम तुटपुंजी आहे. गुन्हा नोंदवला नसेल तर तो आधी नोंदवा आणि पंचनामा, कारच्या विमापत्राची प्रत व रुग्णालयाची कागदपत्रे मिळवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 नुसार भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (असे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे) करता येतो. अपघात धुळे जिल्ह्यात झाला असला, तरी तुम्ही राहता त्या जळगाव जिल्ह्यातही तो दाखल होतो, त्यामुळे तारखांसाठी धुळ्याला खेटे घालावे लागणार नाहीत. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमानुसार त्यासाठी अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळावी.

शेतकऱ्याची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. सातबारा एकटा पुरत नाही. कापूस विक्रीच्या पावत्या, बँकेचे पासबुक, वडील अंथरुणाला खिळल्यावर लावलेल्या सालदाराची मजुरी, हे सारे जोडा. औषधाच्या पावत्यांची शाई उडते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स आजच काढा. कायमचे अपंगत्व राहिल्यास त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही लागेल.