पेटंट चोरलं की कोर्टात धाव घेणाऱ्या कंपन्यांना आपली माहिती उचलताना ती चोरी का वाटत नाही?

तुम्ही खरं तर दोन प्रश्न विचारलेत. मोबाइल-टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींवर पेटंटचे खटले भरतात, मग आपली माहिती घेताना त्यांना ती चोरी का वाटत नाही, हा एक. आणि 'फोन आपलं बोलणं ऐकतो, त्याचं पेटंटच निघालंय' हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज खरा का, हा दुसरा. दुसरा सोपा आहे, तो आधी उरकतो.

मी पुण्यात पेटंट सर्चचं काम करतो. कुणी नवी कल्पना घेऊन आलं की ती जगात आधी कुणी मांडून ठेवलीय का, ते शोधून द्यायचं. अकरा वर्षं हेच चालू आहे, त्यामुळे पेटंटचा कागद हातात आला की मी थेट शेवटी जातो आणि क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते, वाचतो. वर्णनात कंपनी वाट्टेल ते लिहिते, हक्क मिळतो तो फक्त क्लेममध्ये जे आहे त्यावर. आणि नुसता अर्ज म्हणजे बाजारात आलेली वस्तू नव्हे. फेसबुकचा असा एक अर्ज जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. टीव्हीवरच्या कार्यक्रमात माणसाला ऐकू न येणारी खूण मिसळायची, ती मिळाली की फोनने खोलीतला आवाज टिपायचा आणि घरात काय पाहिलं जातंय ते ताडायचं, अशी ती कल्पना. कंपनीचं म्हणणं होतं की हे कुठल्याही उत्पादनात वापरलेलं नाही. ते पटायला जड जातं, मान्य. पण आमच्या धंद्यात रोज दिसतं की कित्येक अर्ज निव्वळ दुसऱ्याची वाट अडवायला केलेले असतात.

त्याच वर्षी बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी १७,२६० अँड्रॉइड अ‍ॅप तपासली होती. गुपचूप आवाज टिपून पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच. काही अ‍ॅप वापरणाऱ्याच्या पडद्याचंच चित्रीकरण करून तिसऱ्या कंपनीला पाठवत होती. आपण कानाला घाबरत बसलो आणि निघाला डोळा.

आता पहिला प्रश्न. अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंग हा खटला एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. त्या वेळी आयफोनच्या पोटातली चिप सॅमसंगच बनवून देत होती. म्हणजे दारात भांडण आणि मागच्या दाराने दूध-किराणा चालू. अ‍ॅपलचं एक पेटंट होतं यादी शेवटपर्यंत सरकवली की ती रबरासारखी ताणून परत येते, त्या हालचालीवर. पण मोठा पैसा होता डिझाइन पेटंटांत, म्हणजे वस्तू दिसते कशी यावरच्या पेटंटांत. त्यातलं 'डी-६७७' मी ऑफिसात नवीन मुलांना नेहमी उघडून दाखवतो. मजकूर जेमतेम, बाकी सगळी चित्रं. गोल कोपऱ्यांचा एक काळा चकचकीत आयत सलग रेषेत काढलाय आणि फोनचा बाकीचा सांगाडा तुटक रेषांत. तुटक रेषा म्हणजे 'यावर आमचा दावा नाही'. उरला तो फक्त समोरचा चेहरा. एक मुलगी म्हणाली होती, "सर, आमच्या आजीच्या पाटाचे कोपरे पण असेच गोल आहेत." सगळे हसले, मीही हसलो. पण २४ ऑगस्ट २०१२ रोजी सॅन होजेच्या ज्युरीने (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) मुख्यतः अशा चेहऱ्या-मोहऱ्यासाठीच सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलर भरायला सांगितले. पुढे आकडा खालीवर होत राहिला, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन परत आलं, मे २०१८ मध्ये दुसऱ्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि महिन्याभरात दोघांनी आपसात मिटवून टाकलं.

कोपऱ्यांचे एवढे पैसे कसे होतात? यामागे गालिच्यांची एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. १८८५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे गालिच्याच्या नक्षीचा खटला होता. नक्षी दुसऱ्याने उचलली होती. पण गालिचा विकून झालेल्या नफ्यातला नक्की किती भाग त्या नक्षीमुळे, हे मालकाला दाखवता येईना. मग कोर्टाने नुकसानभरपाई दिली सहा सेंट. गालिचेवाल्यांनी आरडाओरडा केला आणि १८८७ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने, आपल्या इथल्या पक्षाने नव्हे) कायदाच बदलला. डिझाइन चोरून वस्तू विकली की कमीत कमी २५० डॉलर द्यायचे आणि नफा त्याहून जास्त असेल तर तो सगळाच्या सगळा. आमच्या डिझाइनचा वाटा किती, हे सिद्ध करत बसायची गरजच उरली नाही. तोच नियम सव्वाशे वर्षांनी सॅमसंगच्या फोनला लागला. सहा सेंट हा अन्याय आहे, हे संसदेला कळायला दोन वर्षं पुरली.

आता दुसरा हिशोब. विझिओ ही अमेरिकेतली टीव्ही कंपनी. फेब्रुवारी २०१४ पासून तिचे टीव्ही घरात काय पाहिलं जातंय ते सेकंदासेकंदाला टिपून घेत होते. पद्धत साधी आहे. टीव्हीतलं सॉफ्टवेअर पडद्यावरचे थोडेसे ठिपके उचलतं, ते कंपनीकडे जातात, तिथे साठवलेल्या कार्यक्रमांशी ताडून पाहिले जातात, जुळले की कार्यक्रम कळला. त्यामुळे केबल असो, अँटेना असो नाहीतर डीव्हीडी, काही फरक पडत नाही. पडद्यावर आलं की सापडलं. या तंत्राला एसीआर (ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन) म्हणतात. मेनूत त्या सेटिंगचं नाव होतं 'स्मार्ट इंटरअ‍ॅक्टिव्हिटी'. आता यावरून कुणाला काय कळणार! वर त्या घरातल्या माणसांचं वय, लिंग, उत्पन्न, लग्न झालंय की नाही, अशी माहिती जोडून ती विकली जात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या हिताकडे बघणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने आणि न्यू जर्सी राज्याने कंपनीला पकडलं आणि प्रकरण मिटलं २२ लाख डॉलरला. टीव्ही होते १ कोटी १० लाख. भागाकार करून बघा. टीव्हीमागे वीस सेंट, आणि ते गेले सरकारकडे. पुढे ग्राहकांचा सामूहिक दावा १.७ कोटी डॉलरला मिटला, त्यातूनच वकिलांची फी.

माझ्या धंद्यातल्या माणसाला खुपते ती पुढची गोष्ट. पडदा ओळखायच्या या तंत्रावरची पेटंटं विझिओच्याच इन्स्केप नावाच्या उपकंपनीकडे आहेत. उद्या दुसऱ्या एखाद्या टीव्ही कंपनीने हीच रीत उचलली, तर तिला कोर्टात खेचता येईल. ज्याच्या दिवाणखान्यातून ठिपके उचलले, त्याच्याकडे मात्र दाखवायला कुठलाच कागद नाही. तुम्ही विचारलंत, त्यांना चोरी का वाटत नाही? कायद्याने ज्याला मालक मानलंय त्याचीच चोरी होते म्हणून. गोल कोपऱ्याला मालक आहे. काल रात्री साडेनऊला तुम्ही काय पाहिलंत, याला नाही. आणि धंदा तोट्यातला मुळीच नाही. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत विझिओला जाहिराती आणि माहितीच्या धंद्यातून जो ढोबळ नफा झाला, तो टीव्ही विकून झालेल्या नफ्याच्या दुपटीहून जास्त होता. डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरला विकत घेतली, ती काही टीव्हीच्या काचेसाठी नव्हे.

'हे सगळं अमेरिकेतलं झालं,' असं म्हणाल. आपल्याकडे सॅमसंगच्या निकालाच्या तारखेलाच, २४ ऑगस्टला, पण २०१७ च्या, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तारीख जुळली हा योगायोग, पण मला ती त्यामुळे पाठ झालीय. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि दीड वर्षात टप्प्याटप्प्याने तो लागू व्हायचाय. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. ऐकायला भारदस्त वाटतं. पण कायदा उघडून वाचा. दंडाचा पैसा जातो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपया नाही. याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम होतं, संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली तर बाधित माणसाला भरपाई देणारं. नवा कायदा ते कलमच वगळतो. शिवाय तुम्ही खोटी किंवा किरकोळ तक्रार केलीत तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड. वीस सेंटवरून मी अमेरिकेला हसत होतो, आता हसू येत नाही.

अ‍ॅपल बरा की अँड्रॉइड, हेही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. अ‍ॅपलचं उत्पन्न मुख्यतः फोन विकून येतं, गूगलचं जाहिरातींतून. त्यामुळे अ‍ॅपलला खासगीपणा परवडतो, इतकंच माझं मत. २०१६ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडून द्यायला त्यांनी एफबीआयला नकार दिला. एप्रिल २०२१ मध्ये 'या अ‍ॅपला तुमचा माग काढू द्यायचा का?' हा प्रश्न आयफोनवर आणला, तेव्हा फेसबुकला घाम फुटला. दोन्ही गोष्टींचं श्रेय द्यायलाच हवं. पण सफारी या अ‍ॅपलच्या ब्राउझरमध्ये आपलं सर्च आधीपासून बसवलेलं राहावं म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये अ‍ॅपलला २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. ते पैसे अ‍ॅपलने परत पाठवले नाहीत. मी स्वतः अँड्रॉइड वापरतो, कारण आयफोनच्या हप्त्यात माझी गाडीची सर्व्हिसिंग बसते.

तुमच्या घरात स्मार्ट टीव्ही असेल तर आज एवढं करा. सॅमसंगच्या मेनूत 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीत 'लाइव्ह प्लस' असं काहीतरी दिसेल, ते बंद करा. दुसऱ्या कंपन्यांत नावं वेगळी असतात, 'प्रायव्हसी' किंवा 'टर्म्स'च्या आत खणावं लागतं.

साताऱ्याला आईकडचा टीव्ही वेगळ्या कंपनीचा आहे, नाव घेत नाही. दिवाळीत तो बसवायला आलेला मुलगा रिमोटवर धडाधड 'ओके, ओके' दाबत गेला. नंतर मी बसून चार मेनू आत शिरून ते सेटिंग शोधलं आणि बंद केलं. आई शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "अरे, मी मालिका बघते हे अख्ख्या गल्लीला माहितीय. त्यांनाही कळू दे की." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग तिला म्हटलं, "गल्लीतले ते विकत नाहीत ना पण." तिने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "विकतात? कितीला?"

गणपतीत गेलो तर टीव्हीला अपडेट येऊन गेलेलं. पडद्यावर नवा करार, सगळ्या चौकटींत आधीच बरोबरची खूण. आईने त्याला हात लावला नव्हता, तीन दिवस रेडिओवर काढले होते. चष्मा पुसत म्हणाली, "तू वाच, मी ऐकते." सातव्या पानापर्यंत वाचलं. मग आठ वाजले, तिची मालिका सुरू व्हायची वेळ झाली.