येझदी रोडकिंग मोटारसायकलचे जुने पार्ट शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात पहिल्यांदाच जायचंय, काय तयारी करू?

तुम्ही लातूरचे, वडिलांची रोडकिंग चालू करायलात आणि किकचा लिव्हर, मीटर अन् एक सायलेंसर पाहिजे असं लिहिलंय. मी परभणीचा, आमच्याकडं पण वडिलांचीच रोडकिंग आहे आणि तिच्यासाठी मी चार वर्षं हाच धंदा केला, म्हणून सविस्तर सांगतो.

जुना बाजार मंगळवार पेठेत भरतो, रविवारी आणि बुधवारी. रात्रीची ट्रॅव्हल्स धरा आणि पोती सुटायच्या वेळेला तिथं उभे राहा, कारण पुण्याचे गॅरेजवाले सकाळी सकाळीच चांगला माल उचलून नेतात. दुपारी भाव उतरतो खरं, पण तोपर्यंत उरतो तो गाळ.

पण भाऊ, पुण्याला जायच्या आधी एक काम करा, स्वतःच्या जिल्ह्यातले भंगारवाले पालथे घाला. आपल्याकडच्या जुन्या गाड्या कुठं जातात माहितीय ना, भंगारवाला ट्रक भरतो आणि माल जालन्याला, तिथं भट्टीत वितळून त्याची सळई होते. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, त्यानंतर ही गाडी कुणी बनवलीच नाही, म्हणजे भट्टीत गेलेला प्रत्येक लिव्हर कायमचाच गेला. मला हे लई लागतं. त्यामुळं उदगीर, अहमदपूर, निलंगा इथल्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा की येझदीचं काही आलं तर फोन करा, किलोच्या भावापेक्षा जास्त देतो. आणि तालुक्याच्या गावात साठीच्या पुढचा एखादा मिस्त्री शोधा, ज्यानं त्या काळात येझदी-राजदूतच खोलल्यात. मला क्लच प्लेटा अशाच एका मिस्त्रीच्या माळ्यावर, कंपनीच्या कागदात गुंडाळलेल्या मिळाल्या, आणि त्यांनी चहा पाजून वर गाडीचा आवाज पण ऐकून दिला. संभाजीनगरला जाफरगेटचा रविवारचा बाजार पण एकदा बघून या.

आता पुण्याला जाताना. तुमचा जुना, तुटका का होईना, पार्ट सोबत घ्या. फोटो चालत नाही. आपल्या गाडीचा किक आणि गिअर एकच लिव्हर आहे, किक मारून झाली की पुढं पाडला की तोच गिअर, त्यामुळं त्याच्या आतल्या दात्यांवर सगळा भार येतो. वरून क्रोम चकाचक असलं तरी दाते झिजलेले असले तर पंधरा दिवसात घसरायला लागतो, आणि वेल्डिंग केलेला तर अजिबात घेऊ नका. जुना लिव्हर हातात धरून दाते शेजारी शेजारी लावून बघा. जुन्या बुलेटवाल्यांना तर नटबोल्टच्या आट्यांचीच वेगळी भानगड, त्या इंग्लिश मापाच्या, आपली येझदी मूळ चेक देशातल्या गाडीवरून बनलेली, त्यामुळं मिलिमीटरवर.

मीटर घेताना केबल बसते तिथं बोटानं किंवा छोट्या पेचकसानं फिरवून बघा, काटा हलला पाहिजे. सायलेंसर उचलून हलवा, आत काही खुळखुळलं तर जाळी तुटलेली आहे, आणि खालच्या बाजूनं नखानं टोचून बघा, गंज तिथूनच खातो. टू स्ट्रोक गाडीत आतली जाळी नसली तर नुसता आवाज वाढतो, ओढ जाते. पत्र्याचं काही घेणार असाल तर चुंबक खिशात ठेवा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते.

व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, न नेल्याचा तोटा मी सोसलाय. सिलेंडर घेतला, दिसायला एकदम नवा, बाहेरच्या थंडाव्याच्या पात्या शाबूत, खूश होऊन आणला. रोडकिंगचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटरचा, हा कुणीतरी घासून घासून ६६ च्या पण पुढं नेलेला. लेथवाला म्हणला आता आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, मारल्याशिवाय इलाज नाही, आणि दोन महिन्यांचे साठवलेले पैसे त्या एका सिलेंडरमध्ये गेले. त्या दिवशी लई वाईट वाटलं.

इंजिन नंबर असलेला केसिंगचा, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचाचा, सेट कितीही स्वस्त सांगितला तरी कागदाशिवाय हात लावू नका. चोरीच्या गाडीचा निघाला तर वडिलांच्या गाडीचं आरसी बुक पण अडकेल.

पैसे सुट्ट्या नोटांत, दोन खिशांत वेगवेगळे ठेवा, गर्दी भयंकर असते. लिव्हर पाहिजे म्हणून थेट लिव्हरचा भाव विचारू नका, आधी शेजारचं दुसरं काही विचारा, मग सहज. आणि ऑनलाईन बघायलात तर एक ध्यानात ठेवा, २०२२ पासून येझदी नावानं नवीन गाड्या निघाल्यात, त्यांचे पार्ट आपल्याला बसत नाहीत, नाव बघून ऑर्डर देऊ नका.

मीटरची काच मात्र विकत घेऊ नका. माझ्याकडं एक जास्तीची पडून आहे, परभणीहून लातूरला एसटीत कुणासोबत तरी पाठवतो, मेसेज करा.