मुलांनी घडवलेल्या कुंड्यांत निशिगंध

सुट्टीत मुलांनी हाताने केलेल्या मातीच्या कुंड्यांत निशिगंध लावला तर चालेल का, आणि गेल्या हिवाळ्यात कंद का कुजले, असं तुम्ही विचारलंय. आधी कुंडीचं बोलू.

नुसत्या उन्हात वाळवल्या असतील तर लावू नका. शाडूचा गणपती बादलीत कसा विरघळतो आठवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी भाचरांच्या चार कुंड्या दुसऱ्याच पाण्याला खाली बसल्या, आणि मग जी रडारड झाली ती झाली! भट्टीत पक्की भाजल्याशिवाय माती टिकत नाही. ओळखीच्या कुंभाराला विचारा, त्याच्या मालाबरोबर आठ-दहा नग सहज भाजून होतात. पण त्याआधी पंधरा दिवस सावलीत वाळू द्या. आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन कुंडी फुटते. तळाचं भोक माती अर्धओली असतानाच पाडा आणि चांगलं अंगठ्याएवढं ठेवा, कारण वाळताना-भाजताना माती साधारण 10 टक्के आटते. लहान मुलांना वळ्या एकावर एक रचून कुंडी छान जमते. चाकाच्या नादी लागू नका, तिथे मोठ्यांचीच फजिती होते. ग्लेझचा, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाचा, मोहही आवरा. साध्या भाजक्या कुंडीच्या अंगातून माठासारखं पाणी झिरपतं आणि उडून जातं. कंदांना तेच मानवतं.

आता कुजण्याचं. थंडीत निशिगंध झोपतो. पानं पिवळी पडली की आपण घाबरून जास्त पाणी घालतो आणि तिथेच घात होतो. तेव्हा पाणी जवळजवळ बंदच करायचं.

लावताना सुपारीपेक्षा लहान कंद घेऊ नका, ते आधी नुसती पानंच देतात. 10 इंची कुंडीत तीन कंद, दोन इंच खोल. मातीत शेणखत आणि बऱ्यापैकी वाळू. मेच्या सुरुवातीला लावलात तर साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात, म्हणजे गणपतीच्या आसपास. सुवासासाठी एकेरीच, म्हणजे पाकळ्यांची एकच रांग असलेली जात घ्या. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेची 'शृंगार' एकेरी आहे. त्यांचीच डबल 'सुवासिनी' दिसायला देखणी, पण माझं मन एकेरीवरच. फुलून गेलेला कंद पुन्हा फुलत नाही, पुढे त्याची पिल्लं फुलतात. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कुंडी उपसून पिल्लं वेगळी करते आणि मैत्रिणींत वाटते. बदल्यात कुणाकडून लाल लिलीचा कंद येतो, कुणाकडून मे फ्लॉवरचा. लाल लिलीची मान मात्र मातीच्या वर ठेवा.

आणि हो, कुंड्या ओल्या असतानाच बुडाला काडीने नावं कोरून घ्या. आम्ही एकदा विसरलो. भट्टीतून आल्यावर एकमेव सरळ कुंडीला तीन मालक निघाले, आणि दोन वाकड्यांना एकही नाही.