ग्लायकोलिसिस पाठ करू नकोस, कार्बन मोज

अकरावीला बायो घेतलंस ना, मग आधी एक ऐक. पेशीय श्वसनाचा, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते त्याचा, तक्ता भिंतीवर चिकटवून घोकत बसू नकोस. आपल्या सोलापूरची कडक भाकरी जरा जास्त वेळ चघळ, हळूहळू गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) ज्वारीचा स्टार्च तोडतंय. पुढे आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं आणि रक्तातून पेशीत पोचतं.

आता वही घे. ग्लुकोजचे कार्बन 6. पेशीद्रवात 10 पायऱ्यांत त्याचे 3-3 कार्बनचे दोन पायरुव्हेट होतात, हेच ग्लायकोलिसिस. सुरुवातीला 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्ची पडतात, नंतर 4 मिळतात. धंद्यात भांडवल घालावं तसंच, निव्वळ नफा 2. शिवाय 2 एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू. मुलं नेमकं हेच विसरतात. इथवर ऑक्सिजन लागतच नाही.

पायरुव्हेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) गेलं की एकेक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. सहाचे सहा हिशोबात आले की क्रेब्ज चक्र, म्हणजे तिथलीच अभिक्रियांची फेरी, समजलं म्हण. खरी कमाई शेवटी, एनएडीएचचे इलेक्ट्रॉन पुढे पुढे देणाऱ्या इलेक्ट्रॉन वहन साखळीत. ऑक्सिजन तिथे अगदी टोकाला इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी तयार होतं. पार्क मैदानावर जीव तोडून पळताना तो कमी पडला, तर स्नायू पायरुव्हेटचं लॅक्टेट करतात, म्हणजे एनएडीएचमधलं एनएडी मोकळं होऊन ग्लायकोलिसिस चालू राहतं.

एकूण एटीपी जुन्या पुस्तकांत 38, नव्या हिशोबाने साधारण 30 ते 32. त्यावरून वाद घालू नकोस; परीक्षेत तुझ्या पाठ्यपुस्तकातलाच आकडा लिही.