पोकरमध्ये शेवटी पानं आधी कोणी दाखवायची?

गणपतीत रत्नागिरीला घरी पोकर मांडला की शेवटी "तू आधी दाखव" यावरून वाद होतो, असा प्रश्न आहे. शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट (पैसे लावणं) किंवा रेज (लावलेली बेट वाढवणं) केली, तो आधी दाखवतो. त्या फेरीत कुणीच बेट लावली नसेल, तर डीलर बटणाच्या (पत्ते वाटणारा कोण हे दाखवणारी चकती) डावीकडचा, डावात उरलेला पहिला खेळाडू. बाकीचे क्रमाने; हरलेला पानं पालथीच टाकू शकतो. कॉल झालेला पॉट (शेवटच्या बेटची कुणीतरी बरोबरी केली, असे मधे जमलेले पैसे) घ्यायचा तर मात्र हातातली दोन्ही पानं उताणी हवीत, एक दाखवून भागत नाही.

खरा घोळ तोंडी बोलण्याने होतो. समोरचा "बदामाचा फ्लश" (पाचही पानं बदामाची) म्हणाला, तुम्ही पानं फेकलीत, आणि त्याचा एक बदाम चौकट निघाला! टाकलेल्या गठ्ठ्यात मिसळलेली पानं परत मिळत नाहीत. म्हणून त्याची दोन्ही पानं टेबलावर दिसेपर्यंत आपली सोडू नका.

डाव चालू असताना पॅक केलेली (डाव सोडून टाकलेली) पानं शेजाऱ्याला दाखवू नका. एकाला दाखवलीत तर सगळ्यांना दाखवावी लागतात. जिंकणारी पानं धरून समोरच्याला ताटकळत ठेवणं नियमात बसतं, पण फार वाईट दिसतं. पणजीला कॅसिनोत बसलात तर तिथले नियम डीलरला आधी विचारा.