वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे : लाल पेशी मरतात की तयारच होत नाहीत?

प्रश्न : आमची सहा वर्षांची कॉकर स्पॅनियल ‘चिंगी’ महिनाभरापासून जिना चढताना दमू लागली होती. भूक बरी होती आणि लघवीचा रंगही नेहमीचाच होता, त्यामुळे हा उन्हाळ्याचा परिणाम असावा असे आम्हाला वाटले. हिरड्या पांढऱ्या दिसल्यावर रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ४.१ ग्रॅम निघाले. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांच्या चाचण्यांत काही आढळले नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच लाल पेशींवर उलटली आहे, असे सांगून डॉक्टरांनी रक्त चढवले आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले. दोन आठवडे झाले, तरी नव्या पेशी दिसत नाहीत आणि आता अस्थिमज्जा तपासावी लागेल असे ते म्हणतात. ही तपासणी खरोखर आवश्यक आहे का? की स्टेरॉइड बंद करून लोहाचे टॉनिक, बीट आणि कलेजी यांवर भर द्यावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, आणि तपासणी करून घ्या.

प्रतिकारयंत्रणा लाल पेशींवर दोन ठिकाणी हल्ला करू शकते. पहिल्या प्रकारात रक्तात फिरणाऱ्या तयार पेशी प्लीहेत आणि यकृतात, कधी थेट रक्तवाहिन्यांतच नष्ट होतात. असा कुत्रा दोन-चार दिवसांत कोसळतो, त्याचे डोळे आणि हिरड्या पिवळसर होतात आणि लघवी गडद होते. त्याची अस्थिमज्जा मात्र शाबूत असते, त्यामुळे तीन ते पाच दिवसांत ती कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, मोठ्या संख्येने रक्तात सोडू लागते. दुसऱ्या प्रकारात हल्ला अस्थिमज्जेतच, पूर्ण वाढ न झालेल्या पेशींवर होतो. तेथे कावीळ सहसा दिसत नाही आणि रेटिक्युलोसाइट वाढत नाहीत. कुत्र्याची लाल पेशी साधारण ११० दिवस जगते, म्हणून उत्पादन पूर्ण थांबले तरी रोज जेमतेम एक टक्का पेशी कमी होतात आणि शरीराला त्या घसरणीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. हिमोग्लोबिन चारवर आले असतानाही चिंगी जेवत होती, याचे कारण बहुधा हेच आहे. तुमच्या पत्रातील सर्व वर्णन या दुसऱ्या प्रकाराकडे झुकते.

झुकते, असेच म्हणावे लागेल, कारण रक्ताच्या अहवालावरून त्यापुढे जाता येत नाही. अस्थिमज्जेत कोवळ्या पेशी तयार होऊन तेथेच गिळल्या जात आहेत, की मज्जेची जागा चरबीने घेतली आहे, की ल्युकेमियासारखा कर्करोग तेथे पसरला आहे, हे नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते. या तिन्ही शक्यतांचे उपचार आणि भवितव्य अगदी वेगळे आहे. गुंगी किंवा अल्पकाळाची भूल देऊन दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकातून अथवा कमरेच्या हाडातून द्रव नमुना आणि शक्य असल्यास हाडाचा बारीक तुकडाही घेतात. नुसत्या द्रव नमुन्यात पेशी फारच कमी आल्या, तर मज्जा खरोखर रिकामी आहे की सुई नीट बसली नाही, हा प्रश्न उरतो; तुकडा असला की तो सुटतो. लिम्फोमासारख्या काही कर्करोगांचे चित्र स्टेरॉइडमुळे पुसट होऊ शकते, त्यामुळे तपासणी करायचीच असेल तर ती लांबवण्यात फायदा नाही.

आता दोन आठवड्यांत गुण न येण्याविषयी. पहिल्या प्रकारात एक-दोन आठवड्यांत सुधारणेची चिन्हे दिसण्याची अपेक्षा असते, परंतु मज्जेतील आजाराला महिना-दोन महिने आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, कारण हल्ला थांबल्यावरही पेशींची सगळी मालिका मुळापासून उभी राहावी लागते. म्हणून दोन आठवड्यांवर ‘औषध लागू पडले नाही’ असा निकाल देणे घाईचे आहे. प्रेडनिसोलोनच्या जोडीला मायकोफिनोलेट, सायक्लोस्पोरिन किंवा अझाथायोप्रिन यांपैकी प्रतिकारयंत्रणा दाबणारे एखादे औषध द्यावे का, हा प्रश्न मात्र डॉक्टरांना आत्ताच विचारण्यासारखा आहे. अझाथायोप्रिन दिल्यास यकृताच्या चाचण्या वेळोवेळी कराव्या लागतील. या गोळ्या हातमोजे घालून हाताळाव्यात, त्या कुटू नयेत आणि घरात गर्भवती स्त्री असल्यास तिने त्यांना हात लावू नये.

तोवर रक्त पुन्हा चढवावे लागू शकते. तो निर्णय केवळ अहवालातील आकड्यावरून घेऊ नये. स्वस्थ बसली असतानाही नाडी आणि श्वास जलद होणे, उभे राहताना झोक जाणे, अन्नावरून मन उडणे या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत. कुत्र्यांच्या रक्तात परक्या रक्तगटाविरुद्ध घातक प्रतिद्रव्ये जन्मतः सहसा नसतात, म्हणून पहिल्यांदा दिलेले रक्त बहुधा मानवते. चिंगीला एकदा रक्त दिलेले असल्यामुळे यापुढे प्रत्येक वेळी दात्याचे आणि तिचे रक्त जुळवून पाहणे अत्यावश्यक आहे. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांची रक्तपेढी आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ओळखीच्या कुत्र्यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून सुमारे २५ किलोंहून अधिक वजनाचे, लसीकरण पूर्ण झालेले, कधीही रक्त न घेतलेले आणि गोचीडजन्य आजारांसाठी तपासलेले दोन-तीन निरोगी दाते आधीच हेरून ठेवावेत.

लोहाच्या टॉनिकाने येथे काही साधणार नाही. जखम, कृमी किंवा पिसवा यांमुळे रक्त शरीराबाहेर जाते तेव्हा लोह कमी पडते. चिंगीच्या शरीरात ते आहे, फक्त वापरले जात नाही. शिवाय चढवलेल्या प्रत्येक रक्तातून आणखी लोह येते आणि वारंवार रक्त दिलेल्या कुत्र्यांत ते यकृतात साचून इजा करू शकते. बिटाने अपाय होणार नाही, पण लघवी किंवा शी लालसर होऊन तुमची रात्रीची झोप मात्र उडेल. कलेजी चवीपुरती ठेवा. कांदा-लसूण घातलेला रस्सा, सूप किंवा उरलेली भाजी यांतले काहीही देऊ नका, कारण कांदा-लसूण निरोगी कुत्र्याच्याही लाल पेशी फोडतात.

प्रश्न : आमच्या ३२ किलोंच्या लॅब्राडोरला फेब्रुवारीत अचानक कावीळ झाली आणि प्रतिकारयंत्रणेने लाल पेशी नष्ट केल्याचे निदान झाले. आता त्याचा पीसीव्ही (रक्तातील लाल पेशींचे शेकडा प्रमाण) ४२ आहे. तो सतत पाणी पितो, घरात लघवी करतो, रात्रभर धापा टाकतो आणि पोट सुटले आहे. स्टेरॉइड लगेच थांबवता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : कुत्र्यांचा पीसीव्ही साधारण ३७ ते ५५ असतो, म्हणजे तुमचा कुत्रा तूर्त सावरला आहे. तरीही गोळ्या एकदम थांबवल्यास दोन धोके आहेत. आजार उलटतो, आणि तो दुसऱ्यांदा आटोक्यात आणणे अनेकदा अधिक कठीण जाते. दुसरे असे की कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, तयार करणे विसरलेली अधिवृक्क ग्रंथी ऐन वेळी साथ देत नाही. पीसीव्ही ३० च्या वर दोन आठवडे स्थिर राहिल्यावर मात्रा साधारण पाव हिश्शाने कमी करायची, तीन आठवडे थांबून रक्त तपासायचे आणि मगच पुढची कपात करायची, अशी सामान्य रीत आहे. त्यामुळे पूर्ण उपचार चार ते आठ महिने चालतात. तुम्ही सांगितलेला त्रास खरा आहे आणि तो डॉक्टरांना स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आरंभीची मात्रा दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅम धरतात, परंतु २५ किलोंवरच्या कुत्र्यांना ती अशी सरळ वजनावर न मोजता शरीराच्या पृष्ठभागावर मोजून कमी ठेवतात. तुमच्या कुत्र्याची मात्रा कशी ठरवली होती, हे विचारून घ्या. जोडऔषध असल्यास स्टेरॉइड थोडे लवकर उतरवता येते.

पाणी मात्र तोडू नका. त्याला बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवा. लंगडला म्हणून मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक देऊ नका, कारण स्टेरॉइडसोबत ते जठरात व्रण करते. या आजारात, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, अनेक कुत्रे रक्तक्षयाने नव्हे तर फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने दगावतात, म्हणून गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल चालू असल्यास तेही न विचारता थांबवू नका. एकाएकी दम लागला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : आमच्या गावठी कुत्र्याला एर्लिकिया (गोचिडांतून येणारा जंतू) निघाला. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन दिले, तरी पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन तिन्ही कमीच आहेत. पपईच्या पानांचा रस द्यावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही प्रकारच्या पेशी एकत्र घटणे म्हणजे मज्जेचे कामच मंदावणे होय, आणि एर्लिकिया दीर्घकाळ अंगात राहिल्यास असे घडते. मज्जा थकली की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आधी संपतात, कारण त्यांचे आयुष्य काही तासांचे किंवा दिवसांचे असते. म्हणून येथे आधी भीती जंतुसंसर्गाची आणि रक्तस्रावाची. ताप आला, नाकातून रक्त आले किंवा पोटावर जांभळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोवर स्नायूत इंजेक्शन टाळावे आणि हाडे चावायला देऊ नयेत.

रसाने मज्जा सुधारत नाही, आणि न खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तो जबरदस्तीने ओतण्यात ठसका लागून फुप्फुसात जाण्याचा धोका आहे. जंतू अजून शिल्लक आहे का, हे पीसीआर चाचणीने पाहावे. रक्ताच्या काचेवर बॅबेसियासारखा दुसरा जंतू निसटला नाही ना, हेही त्यात कळते. एकाच गोचिडीच्या जातीतून एकाहून अधिक आजार येणे आपल्याकडे नवे नाही. कुत्रा नर असून एक वृषण पोटातच राहिले असेल (त्यात इस्ट्रोजेन स्रवणारी गाठ होऊ शकते), किंवा मादी असून नको असलेल्या गर्भासाठी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले गेले असेल, तर तेही सांगा, कारण त्या संप्रेरकाने कुत्र्यांची मज्जा बंद पडू शकते. सौम्य घट महिन्या-दोन महिन्यांत भरून निघते. मज्जा पूर्ण रिती झाली असेल, तर वाचण्याची शक्यता कमी असते, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

गोचीड काढताना केवळ अंगावरची काढून भागत नाही. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या फटीत अंडी घालते. म्हणून कुत्र्याला नियमित गोचीडनाशक औषध द्या आणि त्याच आठवड्यात त्याची झोपण्याची जागा, चौकटी आणि अंगणातील भिंतीचा पाया यांवरही उपचार करून घ्या. पेर्मेथ्रिन असलेला फवारा वापरल्यास घरातल्या मांजरांना तेथून दूर ठेवा.