सायकसचा पोंगा, नारिंगी बिया आणि मुनवे

प्रश्न: गोराईतील एका रोपवाटिकाधारकांनी विचारले आहे की, सायकसचा (ताडासारखे दिसणारे शोभेचे झाड) नवा पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांचा झुबका, उघडला की चार-पाच दिवसांत पानांच्या नुसत्या मधल्या शिरा उरतात. पोंग्यावर मुंग्या दिसतात, म्हणून मुंग्यांची पावडर टाकली, पण उपयोग झाला नाही. एका मोठ्या झाडाला नारिंगी बिया धरल्या आहेत. त्या पेराव्यात, की मुनवे (झाडाच्या बुंध्याला फुटणारी पिल्ले) काढावेत?

उत्तर: पाने मुंग्या खात नाहीत. निळसर रंगाचे एक छोटे फुलपाखरू कोवळ्या पोंग्यावर अंडी घालते, त्याच्या अळ्या खातात. अळीच्या अंगातून गोड द्रव पाझरतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि उलट अळ्यांची राखण करतात. पोंगा जरा विस्कटून भिंगाखाली पाहा: पर्णिका (पानाच्या अरुंद पात्या) घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्या बेचक्यात चपटी, फिकट अंडी दिसतात.

पान कडक झाले की अळीला ते चावत नाही. म्हणजे धोका साधारण तीन आठवड्यांचाच, आणि नेमका तोच काळ हुकतो. पोंगा वर येताना दिसला त्याच दिवशी मच्छरदाणीची बारीक जाळी सैलसर गुंडाळून बुडाशी बांधा. पाने ताठ झाल्यावर सोडा. झाडे जास्त असतील तर बीटीची (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळ्या मारणारा जिवाणू) भुकटी 2 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, थोडे चिकटद्रव्य घालून, संध्याकाळी फवारा. उन्हात तिचा असर लवकर जातो. पाच-सहा दिवसांनी पुन्हा फवारा. अळ्या मोठ्या झाल्यावर फवारून फारसे काही हाती लागत नाही. खाल्लेले पान नव्याने भरून येत नाही, आणि वर्षाला पालवी एक-दोनदाच येते. तरी अर्धवट हिरवी राहिलेली पाने छाटू नका, झाड त्यावरच जगते.

बियांबद्दल. सायकसला फळ धरत नाही. बी मादी झाडाच्या लोकरी, तपकिरी पानांच्या कडेला उघडेच बसते, म्हणून हा अनावृतबीजी गट. नर झाड वेगळे असते, त्याचा पिवळसर, उभा शंकू ओळखायला सोपा. जवळपास नर नसेल तर बी आकाराने पूर्ण वाढते, पण आतून पोकळ राहते. पाण्यात टाका, तरंगणाऱ्या बिया बहुधा फोल. बुडालेल्या बिया दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, हातमोजे घालून वरचा नारिंगी गर काढा आणि रेती व कोकोपीटच्या समान मिश्रणात अर्ध्या उघड्या ठेवून लावा. उगवायला काही महिने लागतात. या बिया विषारी आहेत, कुत्र्याने खाल्ल्या तर यकृत निकामी होऊ शकते. सायकसचे ‘सागो पाम’ हे नावही फसवे: हे ताडाच्या कुळातले नाही, आणि आपला उपवासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो.

तुमच्यासाठी मुनवे सोपे. मोसंबीएवढे मुनवे दिवाळीनंतर धारदार सुरीने काढा. मुनव्याची सगळी पाने छाटा, कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा, आठवडाभर सावलीत वाळू द्या आणि भरड रेतीत अर्धे पुरा. मुंबईच्या पावसात कापलेली जागा हमखास कुजते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये सुरी लावू नका. नवे पान दिसेपर्यंत पाणी बेताचे द्या, खत मुळीच नको.